बाईच्या हाताखाली अकरा पुरुष



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा नव्या कामगार संहितांवर मी बोलावे अशी त्यांची सूचना होती. विषय माझा आहे आणि त्यावर मी रात्रभर बोलू शकेन. म्हणूनच मी तो घेतला नाही. मनमाडच्या उन्हाळ्यात, घरी पाणी आले असेल की नाही या विवंचनेत बसलेल्या माणसांना कलमे वाचून दाखविणे बरे नव्हे. मी त्यांच्याकडून दुसराच विषय मागून घेतला. पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉल संघाची सूत्रे बाई सांभाळू शकेल काय, हा तो विषय. पत्रिका वाटली गेली आणि दोघातिघांनी मला स्टेशनरोडवर अडवून विचारले, की भाऊ, तुमचा आणि फुटबॉलचा संबंध काय?

संबंध तसा थोडाच. लहानपणी बारदानाच्या चिंध्यांचा चेंडू करून रुळांच्या कडेला खेळलो, तेवढाच माझा खेळ. शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही वाचले ते वाचनालयातल्या बाकावर आणि पॅसेंजरच्या डब्यात. फुटबॉल मी अलीकडे पाहू लागलो तो मुलाच्या मोबाइलवर. परंतु गेल्या महिन्यात माझ्याकडे एक तंटा आला आणि त्या तंट्याने मला या विषयात ओढले.

आमच्या सभासदांची, म्हणजे हमालांची आणि कंत्राटी कामगारांची, पंधरा-सोळा वर्षांची मुले एका मैदानावर फुटबॉल खेळतात. त्यांना दोन वर्षे एक तरुण बाई शिकवीत आहेत. त्यांनी फुटबॉल महासंघाचा ‘डी’ परवाना स्वखर्चाने मिळविला आहे. सकाळी सहाला त्या मैदानावर असतात. मुलांचा संघ आता बाहेरगावच्या स्पर्धेला जायचा, तर मंडळाच्या काही सभासदांचे म्हणणे असे पडले की संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून पुरुषाचे नाव लावावे आणि बाईंना ‘मदतनीस’ म्हणून न्यावे. बाईंनी नकार दिला. दोन्ही बाजू माझ्याकडे आल्या, कारण मुलांचे बाप माझे ऐकतात असा समज आहे. मी चार दिवसांची मुदत मागितली. मुदतीत मी जे वाचले, पाहिले आणि आठवले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम प्रशिक्षकाचे काम काय असते ते पाहू. इंग्लंडात त्याला मॅनेजर म्हणतात, आपली मुले कोच म्हणतात. तो चेंडूला पाय लावीत नाही. सामना चालू असताना तो चुन्याच्या रेघेबाहेर उभा असतो. अकरा कोण खेळणार, बाकावर कोण बसणार, पाय ओढीत चाललेल्या खेळाडूला कोणत्या मिनिटाला बाहेर घ्यायचे, समोरच्या संघाचा डावा बचाव कच्चा आहे तर त्या अंगाने चेंडू कसा न्यायचा, हे त्याने ठरवायचे. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे गावाच्या लाडक्या खेळाडूला सांगणे, की बाबा रे, आज तू नाहीस. यात दंडातले बळ कोठे लागते? लागते ती नजर, लागतो तो अभ्यास, आणि लागते ती नकार देण्याची ताकद.

काही जण म्हणतील, पुरुषांचा फुटबॉल जी स्वतः खेळली नाही ती तो शिकवील कशी? याला उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आपल्या गल्ल्यांतही फटाके वाजले. त्या मुलींचा प्रशिक्षक कोण होता? आपल्या मुंबईचे अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा काढलेला हा माणूस भारतातर्फे एकही सामना खेळला नाही. आणि स्त्रियांचे क्रिकेट तर तो कधीच खेळला नव्हता. त्या स्पर्धेत आपला संघ लागोपाठ तीन सामने हरला होता. तेव्हा मुझुमदारांवर टीका झाली असेल, परंतु पुरुषाला स्त्रियांचा खेळ काय समजणार असा सवाल आपल्यापैकी कोणी केला काय? मी तरी केला नाही. पुरुषाने स्त्रियांना शिकविणे हे आपल्याला पाण्यासारखे सरळ वाटते. उलटे झाले की मात्र आपण व्याख्यान ठेवतो.

आता राहिला खरा आक्षेप. तो मंडळातल्या एका गृहस्थांनी प्रामाणिकपणे मांडला, आणि मीही पूर्वी अगदी त्याच शब्दांत मांडला आहे. ‘पोरे ऐकणार नाहीत.’

हे वाक्य मी कोठे उच्चारले ते आज सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वाघिणींतून धान्य उतरविणारी एक टोळी होती, चौदा जणांची. रेक लागली की ठरलेल्या तासांत वाघिणी मोकळ्या व्हाव्या लागतात, नाहीतर डेमरेज बसते आणि मग सगळ्यांची तोंडे कडू होतात. त्या टोळीबरोबर सांडलेले धान्य झाडणारी, चाळणारी एक बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत. मुलाच्या शाळेच्या वहीत, मागच्या पानांवर, ती रोज कोणी किती पोती वाहिली याच्या रेघा मारी. आपल्याला काम नेमून दिलेले नसताना. एवढेच नव्हे, तर कोणाची कंबर धरली आहे, कोण रात्री पिऊन आला आहे आणि आज थप्पीवर चढविण्यासारखा नाही, कोणा दोघांचे पटत नाही म्हणून त्यांना एका वाघिणीत घालू नये, हे तिला पाहून कळे. मुकादम आजारी पडला तेव्हा सव्वा महिना टोळी तिच्याच सांगण्यावर चालली आणि एकदाही डेमरेज बसले नाही.

मुकादम परत आला नाही. नवा मुकादम नेमायचा होता. टोळीतल्याच तिघाचौघांनी माझ्याकडे येऊन सांगितले, भाऊ, मावशीला करा. मी हसलो. म्हणालो, चौदा पुरुषांवर बाई मुकादम? पोरे ऐकणार नाहीत. लक्षात घ्या, मला ज्यांनी सांगितले ते ती पोरेच होती! ऐकायला तयार असलेल्या माणसांना मी सांगत होतो की तुम्ही ऐकणार नाही.

मी एका धट्ट्याकट्ट्या गड्याचे नाव पुढे केले आणि तो मुकादम झाला. तो वाईट नव्हता. काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी अचानक तिकडे गेलो, तर हा गडी मावशीसमोर उकिडवा बसलेला. ती वही त्याच्या मांडीवर. तो विचारीत होता, ‘मावशी, उद्या वर कोणाला लावू?’ ती सांगत होती आणि तो मान डोलवीत होता. मुकादमाची जादा मजुरी त्याला मिळत होती. तिला झाडणावळीचा दर. ती काम सोडून मुलाकडे गेली तोवर तोच दर राहिला. मजुरीच्या फरकासाठी मी आयुष्यभर मालकांशी भांडलो, परंतु हा फरक कोणा मालकाने ठेवलेला नव्हता, माझ्यामुळे पडलेला होता.

आता फुटबॉलकडे येतो. युरोपात २०१४ साली नेमकी याच्या उलट गोष्ट घडली. फ्रान्समध्ये क्लेरमाँ नावाचा, तेव्हा दुसऱ्या विभागात असलेला, पुरुषांचा व्यावसायिक संघ आहे. त्यांनी मे महिन्यात हेलेना कोस्ता या पोर्तुगीज बाईंना प्रशिक्षक नेमले. जगभर छायाचित्रे झळकली. जून महिन्यात, एकही सामना होण्यापूर्वी, बाई सोडून गेल्या. त्यांनी जाहीर सांगितले की खेळाडू आपल्याला न विचारता घेतले गेले, सरावाचे सामने आपल्याला न सांगता ठरविले गेले आणि आपण केवळ शोभेचा चेहरा ठरलो. आमच्या मावशीकडे वही होती आणि मुकादमपद नव्हते. या बाईंना मुकादमपद दिले आणि वही दिली नाही.

मला वाटते, सगळा प्रश्न या वहीत आहे. खेळाडू प्रशिक्षकाचे का ऐकतो? आवाज जाड आहे म्हणून? मिशा आहेत म्हणून? मुळीच नाही. उद्याच्या अकरांची यादी त्याच्या हातात आहे म्हणून ऐकतो, आणि ती यादी वरचा कोणी फिरविणार नाही याची खात्री असते म्हणून ऐकतो. कारखान्यात पाहा. फोरमनला हुशारी कितीही असो. कामगाराने त्याला डावलून वरच्या साहेबाकडे जावे आणि साहेबाने फोरमनचा हुकूम फिरवावा, असे दोनदा घडले की तिसऱ्या दिवशी त्या फोरमनला कोणी विचारीत नाही. मग तो पुरुष असो की स्त्री. हुकुमाची ताकद वरून उसनी मिळते. बाईला पद देताना वरची माणसे ती ताकद पदराआड ठेवून देतात आणि मग म्हणतात, पाहा, तिचे कोणी ऐकत नाही.

त्याच क्लेरमाँ संघाने कोस्ताबाई गेल्यावर कोरीन दियाक्र यांना आणले. फ्रान्सच्या स्त्रियांच्या संघातून त्या शंभरावर सामने खेळल्या होत्या. त्या तीन वर्षे पुरुषांच्या संघावर राहिल्या, तीनही वर्षे संघ दुसऱ्या विभागात टिकला. चषक नाही, मिरवणूक नाही. कमी पैशांत गाडी रुळावर ठेवण्याचे काम त्यांनी केले. ज्याने कधी तोट्यातली पतपेढी चालविली असेल त्याला या कामाची किंमत कळेल.

पुढची गोष्ट मी लपविणार नाही, कारण ती माझ्या बाजूची नाही असे कोणाला वाटेल. २०१७ मध्ये दियाक्रबाई फ्रान्सच्या स्त्रियांच्या राष्ट्रीय संघावर गेल्या. तेथे त्यांचे आणि खेळाडूंचे बिनसले. २०२३ च्या फेब्रुवारीत कर्णधार वेंडी रेनार यांनी विश्वचषकाला येणार नाही असे जाहीर केले, आणखी खेळाडू त्यांच्या मागे गेल्या आणि मार्चमध्ये बाईंना काढण्यात आले. म्हणजे काय झाले? पुरुष त्यांच्या हाताखाली तीन वर्षे नांदले आणि बायका नांदल्या नाहीत! बाई आहे म्हणून बायका ऐकतील आणि पुरुष ऐकणार नाहीत, हा हिशेब इतका कच्चा आहे. दियाक्रबाई कडक होत्या. कडकपणा एका ठिकाणी चालला, दुसऱ्या ठिकाणी नडला. पुरुष प्रशिक्षकांचेही असेच होते. फरक इतकाच की पुरुष अपयशी झाला की तो एकटा अपयशी होतो. बाई अपयशी झाली की सगळ्या बायकांच्या नावावर ते लिहिले जाते. इटलीत कॅरोलिना मोराचे या बाईंना १९९९ साली व्हितेर्बेझे या पुरुषांच्या संघावर नेमले होते. दोन सामन्यांनंतर त्या बाहेर पडल्या. त्यानंतर किती वर्षे त्या दोन सामन्यांचा दाखला दिला गेला असेल!

हाँगकाँगची गोष्ट मला सर्वांत आवडली. तेथे ईस्टर्न नावाचा जुना संघ आहे. त्याचा प्रशिक्षक डिसेंबर २०१५ मध्ये हंगामाच्या मध्यावरच सोडून गेला आणि त्याच्या जागी चान युएन-टिंग या सत्तावीस वर्षांच्या मुलीला बसविले. संघातले कित्येक खेळाडू तिच्याहून वयाने मोठे. एप्रिल २०१६ मध्ये ईस्टर्नने हाँगकाँगचे विजेतेपद मिळविले, एकवीस वर्षांनी. एखाद्या देशाच्या पहिल्या विभागात पुरुषांच्या संघाला विजेतेपद मिळवून देणारी ती जगातली पहिली स्त्री ठरली. पण मला आवडला तो पुढचा भाग. विजेतेपदामुळे २०१७ साली ईस्टर्नला आशियातल्या बड्या संघांशी खेळावे लागले. पहिलाच सामना चीनच्या ग्वांगझूशी, जेथे ब्राझीलला विश्वचषक मिळवून दिलेले स्कोलारी प्रशिक्षक होते. ईस्टर्न सात-शून्य हरला! आणि तरीही चानबाई प्रशिक्षकपदी राहिल्या. संघाने त्यांना हरू दिले. बंधूंनो, जिंकण्याची संधी देणारे पुष्कळ भेटतात. हरण्याची मुभा देणारे विरळा.

हे सारे परदेशातले झाले. आपल्याकडे काय आहे?

आपल्या महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड कोल्हापूरला. तेथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार ही कुस्तीच्या आखाड्याची नावे फुटबॉल संघांना आहेत. सामना असला की शाहू स्टेडियम भरून जाते आणि पेठापेठांत अबोला धरला जातो. तालीम म्हणजे पुरुषांचे राज्य. त्याच जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यात फुटबॉलची जुनी परंपरा आहे, आणि त्या तालुक्यातल्या बेकनाळ गावच्या अंजू तुरंबेकर खेळाडू म्हणून पुढे आल्या. नंतर शिकवू लागल्या, एकेक परवाना मिळवीत ‘ए’ परवान्यापर्यंत पोचल्या. तेथवर गेलेल्या भारतातल्या पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव आहे. भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलांच्या फुटबॉलचा विभाग त्यांनी सांभाळला आणि पुढे गोव्याच्या डेंपो क्लबने आपल्या युवक विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे दिली. डेंपो हा साधा क्लब नव्हे. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविलेला पुरुषांचा व्यावसायिक क्लब. त्याच्या उद्याच्या खेळाडूंना घडविण्याचे काम गडहिंग्लजच्या एका शेतकरी भागातून आलेल्या मराठी स्त्रीकडे गेले. वरच्या संघाची यादी तिच्या हाती नव्हती, हे खरे. परंतु सोळा-सतरा वर्षांचे पोर बाईने सांगितलेले ऐकते, तेच पोर बाविसाव्या वर्षी ऐकणार नाही, असे मधल्या पाच वर्षांत त्याला काय होते? त्याला काही होत नाही. वरच्या खुर्च्यांतल्या माणसांना होते.

पंचगिरीत तर ही भीती मोडूनही गेली. २०२२ च्या १ डिसेंबरला जर्मनी आणि कोस्टारिका यांचा पुरुषांच्या विश्वचषकाचा सामना स्तेफनी फ्रापार या बाईंनी चालविला, दोन्ही रेषापंचही स्त्रियाच होत्या. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या वृंदा राठी रणजी सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिल्या. तेथे पुरुषांनी ऐकले. का ऐकले? शिटी आणि बोट यांच्यामागे नियमाचे पुस्तक उभे होते. पंचाचा निर्णय कोणी अध्यक्ष फोन करून फिरवीत नाही.

कपडे बदलण्याच्या खोलीचा मुद्दाही मला एकाने विचारला. बाई तेथे जाणार कशी? मी म्हटले, दार वाजवून. इस्पितळात परिचारिका पुरुषांची शुश्रूषा करतातच की. ज्या अडचणीला दहा मिनिटांचे वेळापत्रक पुरते तिच्यासाठी माणसाचे आयुष्य अडवू नये.

आपले गाव रेल्वेचे आहे, म्हणून एक जुने नाव घेतो. पश्चिम रेल्वेच्या कामगारांच्या युनियनचे पुढारीपण मणिबेन कारा यांनी वर्षानुवर्षे केले. शेडमधले फिटर, खलाशी, गँगमन, सगळी पुरुषांची वस्ती. त्या माणसांच्या पगाराच्या वाटाघाटी त्या करीत आणि त्यांनी थांबा म्हटले की माणसे थांबत. १९७० साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. गिरणगावात उषाताई डांगे होत्या. डहाणू-तलासरीच्या रानात १९४५ साली गोदावरी परुळेकर वारली पुरुषांपुढे उभ्या राहिल्या तेव्हा कोणी ऐकणार नाही असे म्हणाले नाहीत. हा सारा इतिहास मी तरुणपणी वाचला होता, सभांतून सांगितलाही होता. मावशीच्या वेळी तो माझ्या डोक्यात होता. माझ्या तोंडून मात्र दुसरेच वाक्य बाहेर पडले. पुस्तक वाचणे आणि मुकादम नेमणे ही दोन कामे निराळी आहेत.

काल संध्याकाळी मी मंडळाच्या बैठकीला गेलो. माझे मत मी असे दिले, की संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून बाईंचेच नाव जाईल, अकरांची यादी त्या लिहितील, आणि त्या यादीबद्दल कोणा मुलाचा बाप माझ्याकडे आला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन. पहिले दोन सामने हरले तरी तिसऱ्या सामन्याला त्याच राहतील, हेही ठरावात लिहून घेतले. दोन सभासद रागावून उठून गेले. ते आज येथे बसलेले मला दिसतात, त्यांचा मी आभारी आहे. एकाने जाताना विचारले, भाऊ, आणि सात-शून्य झाले तर? मी म्हटले, तर मुले दुसऱ्या दिवशी सहाला मैदानावर असतील.

निघण्यापूर्वीचा सरावाचा सामना रविवारी आहे. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. बसायला सावली नाही, तेव्हा टोपी आणि पाणी घरून आणावे.